चांगला कारखाना मोठा का होत नाही, आणि बुडालेला बंद का होत नाही?

धोटा

आपल्याकडच्या कारखान्यांची उत्पादकता कमी का यावर गप्पा निघाल्या की दोनच उत्तरं येतात, कामगार काम करत नाहीत, नाहीतर मशिनरी जुनी. दोन्हीत थोडंफार तथ्य असेल पण मला तिसरंच कारण मोठं वाटतं आणि त्यावर मराठीत कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा.

देशात भांडवल, माणसं, जागा, वीज आत्ता आहे तेवढीच धरा. नवा एक रुपया आणू नका. प्रश्न एवढाच की हे सगळं कोणाकडे जाऊन बसलंय? समजा एका गल्लीत दोन शेड आहेत, पहिल्याला आणखी १० लाख मिळाले तर तो वर्षाला ४ लाखाचं जास्तीचं उत्पादन काढेल, दुसऱ्याकडे तेच १० लाख गेले तर ५० हजाराचं. आता पैसे पहिल्याकडे जायला हवेत ना? ते जात नाहीत. दुसऱ्याकडे सवलत आहे, ओळख आहे, वडिलांच्या नावची जागा आहे, जुनं कर्ज आहे जे बँकेला बुडवायचं नाहीये, आणि पहिल्याकडे फक्त चांगलं काम आहे. असं देशभर झालं की सगळे राबतात तरी एकूण माल कमीच निघतो.

च्यांग-ताय श्ये आणि पीटर क्लेनाव या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये भारत आणि चीनच्या कारखान्यांची आकडेवारी घेऊन याचा हिशोब मांडला होता. साधनांची वाटणी निदान अमेरिकेत दिसते तितपत जरी नीट झाली, तरी चीनमध्ये उत्पादकता ३० ते ५० टक्के आणि भारतात ४० ते ६० टक्के वाढेल असं त्यांचं उत्तर होतं. नवीन मशीन न घेता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं चमकलो, की हे तर आमच्या इचलकरंजीचं वर्णन आहे.

आमच्याकडे पहिला यंत्रमाग १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी आणला, जहागीरदार घोरपडे सरकारांनी पाठबळ दिलं, तिथून गाव वाढलं. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, तरी आज गावात फिरलात तर निम्म्याहून जास्त धंदा अजून साध्या मागावर, पत्र्याच्या शेडमध्ये, खर्चीवाल्यांकडे चालतो. (बाहेरच्यांसाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर.) त्याच गावात एअरजेट आणि रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक, वेगवान माग) लावून एक्स्पोर्टचं कापड काढणारे पण आहेत. दोघं एकाच बाजारात, एकाच सायझिंगवाल्याकडे (उभ्या धाग्याला खळ लावणाऱ्याकडे) बीम भरून घेतात. एक दुसऱ्याला खाऊन टाकत नाही. का?

शिरोली_नाका

वा धोटासाहेब, पहिल्याच पोस्टला दुखरी नस. मी कापडातला नाही, कास्टिंगच्या मशिनिंगचं काम करतो, कोल्हापूर पट्ट्यातच. माझ्याकडे ऑर्डर आहे, माणसं आहेत, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची यंत्रं) अजून लागल्या तर उद्या काम चालू करू शकतो. पण माझे पैसे कुठे आहेत माहितीये? मोठ्या गिऱ्हाइकाकडे. बिल लावल्यापासून नव्वद दिवस, कधी एकशेवीस. कायदा २००६ चा आहे, ४५ दिवसांचा, आता आयकरातही कलम घातलंय की वेळेत पैसे नाही दिले तर खर्च धरणार नाही. पण मी तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार. म्हणजे मी १२-१३ टक्क्यानं सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) वापरून ज्याला ८-९ नं कर्ज मिळतं त्याला बिनव्याजी उधार देतोय. हे तुमच्या व्याख्येत बसतं का?

धोटा

पुरेपूर बसतं. जिथे पुढच्या रुपयाला सगळ्यात जास्त परतावा आहे तिथून पैसा उचलून जिथे तो आधीच मुबलक आहे तिथे चाललाय.

शेपटाकडचा

आमच्याकडे कालव्याच्या मुखाशी असलेल्यांच्या जमिनी पाणी जास्त होऊन चिबडल्यात आणि शेपटाला असलेल्यांना पाळीच येत नाही. धरणातलं पाणी तेवढंच. तुम्ही जे म्हणताय ते हेच आहे ना? चूक असेल तर सांगा.

धोटा

हेच. आणि मुखाशी असलेला काही वाईट माणूस नसतो, तो फक्त मुखाशी असतो.

तिरकस

म्हणजे शेवटी गोष्ट "बाजाराला मोकळं सोडा" वर येणार, आधीच ओळखलं. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते आठवा जरा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. त्यानंतर कापड बनायचं थांबलं का? नाही. ते भिवंडीला गेलं, मालेगावला गेलं, तुमच्या इचलकरंजीला पण गेलं. ज्या माणसाला गिरणीत आठ तासाची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी होती तो, नाहीतर त्याचा भाऊबंद, भिवंडीत बारा तास मागावर उभा राहिला. ही पण "साधनांची फेरवाटणी"च की. अशा फेरवाटणीनं उत्पादकता वाढली असं म्हणणार का?

उभा_आडवा

तिरकस यांचा मुद्दा बरोबर आहे पण तो धोटांच्या बाजूनं जातो. मी टेक्स्टाइल इंजिनिअर, आयुष्य याच धंद्यात गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

गिरण्यांचा माग संपानं संपला हा गैरसमज आहे. संपानं शेवटचा धक्का दिला. त्याआधी पंचवीस वर्षं धोरणच असं होतं की गिरणीनं माग वाढवायचा नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून गिरण्यांची विणकामाची क्षमता जवळपास गोठवून ठेवली होती. हेतू चांगला होता, हातमाग वाचवायचा. १९५४ च्या कानुनगो समितीच्या डोक्यात तर हातमागाचं हळूहळू यंत्रमागात रूपांतर करायचं होतं, म्हणजे विणकराच्याच घरात सुधारलेला माग. वर अबकारी पण अशी लावली की गिरणीच्या कापडावर जास्त, छोट्या यंत्रमागावर कमी किंवा माफ. परिणाम काय तर हातमागाच्या जागी गिरणी आली नाही, विणकराचा सुधारलेला माग पण आला नाही, तिसराच आला. गिरणीतून भंगारात काढलेले माग विकत घेऊन शेडमध्ये लावणारा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं चार-पंचमांश कापड गिरण्या काढायच्या, आज पाच टक्के पण नाही.

तिसऱ्याचा फायदा कशात होता? चांगल्या कापडात नव्हता. करात, कामगार कायद्यातून सुटण्यात आणि कमी भांडवलात होता. तो गिरणीपेक्षा चांगला विणत होता म्हणून नाही जिंकला, त्याच्यावर बंधनं नव्हती म्हणून जिंकला. तिरकस ज्याला फेरवाटणी म्हणतात ती ही. माणसं आणि माग कमी उत्पादक जागेकडे गेले, धोरणानं ढकलले म्हणून.

अजून एक गंमत सांगतो. सूतगिरण्यांवर बंधन होतं (आहे अजून, प्रमाण कमी केलंय) की ठराविक टक्के सूत हँकमध्ये म्हणजे लडीत द्यायचं, हातमागासाठी. आधी ५० टक्के, २००३ ला ४०, २०१९ ला ३०. हँकच्या सुताला कर नव्हता. मग काय, ते हँक यंत्रमागवाले घ्यायचे, परत कोनवर (शंकूसारख्या रिळावर) गुंडाळायचे आणि वापरायचे. सुताची लड घालायची, मग ती उलगडायची, त्यासाठी माणसं ठेवायची, वीज जाळायची, आणि या सगळ्यातून कापड एक मीटर जास्त निघत नाही. ही मेहनत कुठल्या आकडेवारीत "रोजगार" म्हणूनही मोजली जात असेल.

धोटा

दंडवत घ्या. हँकचं मी विसरलो होतो.

आणि वीज राहिली. यंत्रमागाच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीची रेघ आहे. २०२४ मध्ये सरकारनं जी जादा सवलत दिली ती २७ च्या आतल्यांना युनिटला १ रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर धरली तर २७ म्हणजे २४ एक माग अधिक किरकोळ. आता ज्याला चाळीस माग टाकायचेत तो काय करेल? भावाच्या नावानं एक, बायकोच्या नावानं एक. शेड एकच, मधे भिंत. कागदावर दोन छोटे उद्योग तयार. आणि ज्याला खरंच वाढायचंय, मोठी शेड, एक कॉम्प्रेसर, एअरजेट लावायचंय, त्याला रेघ ओलांडल्याची शिक्षा. पंचवीस पैसे युनिटमागे ऐकायला काही नाही, पण मजुरी जिथे पिकाला पैशात मोजतात तिथे पंचवीस पैशावर माणसं निर्णय घेतात.

मीठभाकरी

मी लोणची-पापड-मसाल्याचं छोटं युनिट चालवते, बारा बायका आहेत. तुम्हाला माहितीये का लोणचं २०१५ पर्यंत लघुउद्योगासाठी राखीव होतं! शेवटच्या ज्या वीस वस्तू एप्रिल २०१५ मध्ये यादीतून काढल्या त्यात लोणचं होतं, पाव होता, मेणबत्ती, कुलूप, काडेपेटी, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या, स्टीलची भांडी. १९६७ ला ४७ वस्तूंनी सुरुवात झाली होती, पुढे आठशेच्या वर गेल्या.

मला तेव्हा ती यादी उठली म्हणून भीती वाटली होती, मोठे येतील आणि आम्हाला संपवतील. संपलो नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न, माझ्यासारखीनं मोठं व्हावं तरी का? सीएंनी मला स्पष्ट सांगितलंय, ताई या आकड्याच्या पुढे उलाढाल दाखवलीत की हे जाईल, इतकी माणसं पटावर घेतलीत की हे इन्स्पेक्टर येतील. मग मी दुसरं युनिट जावेच्या नावानं काढलं. आता दोन हिशोब, दोन लायसन्स, दोन बॉयलर, दोन्हीकडे अर्धवट काम. कशाला? मोठं होऊ नये म्हणून सरकारच पैसे देतंय असं वाटतं कधीकधी.

धोटा

मीठभाकरी ताई, तुमची पोस्ट छापून भिंतीवर लावायला हवी. श्ये आणि क्लेनाव यांचा २०१४ चा दुसरा अभ्यास बरोबर यावरच आहे. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपट वगैरे माणसं ठेवतो. भारतात जुना कारखाना त्यामानानं फारच कमी वाढलेला असतो. जगला तर जगला, फारसा वाढला नाही. आपल्याकडे टिकणं म्हणजेच यश, हे डोक्यात इतकं बसलंय की न वाढणं हा प्रश्न आहे असं कोणाला वाटतच नाही.

आणि राखीव यादीचा खरा फटका लोणच्यात नाही बसला, कपड्यात बसला. तयार कपडे २००० च्या आसपासपर्यंत राखीव होते (विणलेल्या कापडाचे तेव्हा सुटले, निटवेअर त्याहून उशिरा). आपण हजार मशीनची शिलाई फॅक्टरी काढायला अडवत बसलो त्याच काळात बांगलादेशनं तशाच फॅक्टऱ्या उभ्या केल्या. २००५ च्या १ जानेवारीला कापड-कपड्यांच्या निर्यातीवरची जागतिक कोटा पद्धत संपली तेव्हा ते तयार होते, आपण पन्नास-पन्नास मशीनची दुकानं घेऊन उभे होतो.

पहाटेची_पाळी

कामगारांच्या बाजूनं कोणी बोलणार का इथे? ज्याला त्याला "बंधनं" दिसतायत. औद्योगिक विवाद कायद्यातलं ते कलम, १९७६ ला आलं तेव्हा ३०० कामगारांच्या वरच्या कारखान्याला बंद करायला, कपात करायला सरकारची परवानगी लागायची, १९८२ च्या दुरुस्तीनं ते १०० वर आणलं. त्याच्या नावानं चाळीस वर्षं रडून झालं. पण प्रत्यक्षात काय चाललंय? संघटित कारखान्यांत आता चाळीस टक्क्यांच्या वर कामगार ठेकेदाराचे आहेत. त्याच लाइनवर, तेच काम, अर्ध्या पगारात. मालकांनी कायदा कधीच बायपास केलाय. आता २०२० च्या संहितेत परत ३०० केलं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू पण झालं. मग आता होईल का वाढ? बघू.

दूरदेशी

पहाटेची_पाळी यांच्या मुद्द्याला अभ्यासाचा आधार आहे. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या स्टील अथॉरिटीच्या निकालानंतर ठेका कामगार ठेवणं सोपं झालं, आणि त्यानंतर मोठे कारखाने आधीपेक्षा मोठे व्हायला लागले असं बर्ट्रांड, श्ये आणि त्सिवानिडिस यांनी दाखवलंय. म्हणजे बंधन खरं होतं (नाहीतर ते सैल झाल्यावर फरक पडला नसता) आणि सैल झालं ते कामगाराच्या खिशातून. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

पण धागाकर्त्यांना माझा मुख्य आक्षेप दुसरा आहे. तो ४० ते ६० टक्क्यांचा आकडा फार कडक धरू नका. दोन कारखान्यांचा परतावा वेगळा दिसतो त्याची कारणं बरीच असतात. एकानं यंदा नवीन मशीन बसवलं आणि अजून पूर्ण वापरत नाही. एकाच्या मालाला ब्रँड आहे म्हणून जास्त भाव मिळतो. आणि कित्येकदा फॉर्म भरणाऱ्यानं शून्य जास्त टाकलेलं असतं! अमेरिकेच्या आकडेवारीत वाटणी वर्षागणिक बिघडत चाललीये असं दिसत होतं, क्लेनाव यांनीच पुढे दोन सहलेखकांबरोबर (२०२१) तपासलं तर त्यातलं बरंचसं मोजमापातल्या चुकांचं निघालं. दुसरं, मूळ पेपरमध्येच भारताचं चित्र १९८७ पेक्षा १९९४ ला जास्त खराब आहे. १९९१ ला लायसन्स उठली, मग सुधारणा दिसायला हवी होती ना? उलटं झालं.

धोटा

आकडा ढिला आहे, मान्य. पण निम्मा करा, तरी २० ते ३० टक्के उरतात. फुकटात एवढं देणारी दुसरी योजना मला कोणी दाखवा.

१९९४ चं मला कोडं वाटत नाही. मोठ्यांची लायसन्स गेली, पण राखीव यादी तशीच, १०० कामगारांचं कलम तसंच, शहरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ पर्यंत तसाच. एक दार उघडलं की जो दारात उभा होता तो धावला, बाकीचे आतच. तफावत वाढणारच सुरुवातीला.

बँकेतून_सुटलेलो

सरकारी बँकेत कर्ज विभागात हयात घालवली. धाग्याच्या नावातल्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बुडालेला बंद का होत नाही. कारण तो बंद झाला की तोटा माझ्या वहीत येतो. चालू ठेवला तर पुढच्या मॅनेजरच्या. मार्च जवळ आला की खातं थकायला नको म्हणून मर्यादा वाढवायची, त्यातूनच व्याज वळतं करायचं, खातं स्टँडर्ड, म्हणजे कागदावर नियमित. हे सगळीकडे चालायचं. रिझर्व्ह बँकेनं २०१५ ला बँकांच्या कर्जखात्यांची तपासणी लावली तेव्हा झाकण उघडलं, मार्च २०१८ पर्यंत ढोबळ थकीत कर्जं एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांच्या वर गेली. ती काही त्या तीन वर्षांत बुडाली नव्हती, बुडालेली होतीच, फक्त दिसायला लागली.

बरं त्याआधी आजारी उद्योगांचा कायदा होता, १९८५ चा, बीआयएफआर (आजारी कंपन्यांच्या पुनर्रचनेचं मंडळ) वाला. त्यात एकदा नोंद झाली की वसुली थांबायची. दहा-दहा वर्षं केस. तोपर्यंत मशीन गंजायचं, कामगार मरायचे, जमीन तेवढी महाग व्हायची आणि शेवटी सगळ्यांना त्या जमिनीतच रस. दिवाळखोरी संहिता २०१६ ला आली, त्यावर टीका पुष्कळ आहे, उशीर होतो, बँकांना कमी मिळतं, पण निदान मालक बदलतो हे मालकांना आता कळलंय.

शिरोली_नाका यांच्यासाठी एक. १९९८ ला प्राधान्य क्षेत्रात (जिथे बँकांना ठराविक टक्के कर्ज द्यावंच लागतं) बसायची लघुउद्योगाची मर्यादा ६५ लाखावरून ३ कोटी केली, २००० ला परत १ कोटीवर आणली. बॅनर्जी आणि डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी एका बँकेच्या फायलींवरून बघितलं की ज्यांना नव्यानं स्वस्त कर्ज मिळालं त्यांनी ते जुनं महाग कर्ज फेडायला वापरलं की धंदा वाढवायला. धंदा वाढवला. विक्री वाढली, नफा वाढला. म्हणजे पैसा नव्हता म्हणूनच अडलं होतं. तुम्ही दोन व्हीएमसी म्हणताय ना, ते रडगाणं नाहीये, पुराव्यानं सिद्ध आहे.

शिरोली_नाका

काका, तुम्ही रिटायर व्हायच्या आधी भेटायला हवे होतात.

तिरकस

एवढं सगळं ऐकून घेतलं, आता माझं ऐका. आपण महाराष्ट्रवाले फार साळसूदपणे बोलतोय. भाडे समानीकरण आठवतं का कोणाला? १९५६ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशात कुठेही जवळपास एकाच भावात मिळायचं, रेल्वेचं भाडं वाटून घेतलेलं. म्हणजे जमशेदपूरच्या शेजारी कारखाना काढा नाहीतर चिंचवडला, लोखंड त्याच भावात. मग बिहारमध्ये (जमशेदपूर तेव्हा तिथेच होतं) कोण काढेल? खाण त्यांची, धूर त्यांचा आणि इंजिनिअरिंग पुण्या-मुंबईचं. कापसाला मात्र असलं समानीकरण नव्हतं, तो आपल्याकडे पिकायचा ना! तुमच्या कालव्याच्या भाषेत सांगायचं तर पस्तीसेक वर्षं मुखाशी आपण होतो.

दूरदेशी

हा धाग्यातला सगळ्यात अडचणीचा आणि सगळ्यात खरा प्रतिसाद. त्यातली वाईट गोष्ट म्हणजे धोरण उठल्यावर सगळे कारखाने काही परत बिहारला गेले नाहीत. एकदा पुरवठादार, टूलरूम, आयटीआय, ट्रान्सपोर्ट एका जागी जमले की ते सहजासहजी हलत नाहीत. चुकीची वाटणी इतकी वर्षं टिकली की तीच नैसर्गिक वाटायला लागते, आणि मग आपण म्हणतो "पुण्यात इंजिनिअरिंगची संस्कृती आहे".

शेपटाकडचा

साखर राहिली की राव. आपल्या राज्यात दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं, केंद्राचा नियम १५ चा आहे. हेतू काय तर ऊस पुरावा, कारखाने एकमेकांच्या मुळावर येऊ नयेत. पण शेजारचा कारखाना कितीही चांगला चालत असला, उतारा (उसातून निघणारी साखर) चांगला, बिलं वेळेवर, तरी तो माझ्या गावाजवळ येऊन दुसरं युनिट टाकू शकत नाही. आणि माझ्या गावचा बंद पडायच्या मार्गावर असलेला, त्याला सरकारी थकहमी. निवडणुका आल्या की हमीची नवी फाइल. कारखाना चालतो का, तर चालतो, तीन महिने. कोणाच्या जिवावर, ते उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्याला विचारा.

पहाटेची_पाळी

पण तो बंद पडला तर तुमच्या गावच्या चारशे घरांचं काय? हे कोणीच बोलत नाहीये. "साधनं दुसरीकडे जातील" म्हणताना साधन म्हणजे माणूस आहे. लेथ ट्रकवर टाकून नेता येतो. पन्नाशीचा जॉबर (मुकादम) कुठे जाणार? गिरण्यांच्या बाबतीत तेच झालं. जमिनीचा सौदा झाला, १९९१ च्या नियमात एक तृतीयांश पालिका, एक तृतीयांश म्हाडा असं होतं ते २००१ ला फिरवलं आणि फक्त मोकळ्या जागेपुरतं ठेवलं. टॉवर उभे राहिले. भांडवल सगळ्यात जास्त परतावा असलेल्या जागी गेलं, पुस्तकातल्यासारखं. कामगार मात्र अजून घराच्या लॉटरीच्या यादीत नाव शोधतोय.

धोटा

याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही आणि असल्याचा आव आणत नाही. फक्त एवढंच म्हणेन की कारखान्याला वाचवण्यावर जो पैसा जातो, थकहमी, माफी, पुनर्गठन, तो कामगाराला वाचवण्यावर गेला तर स्वस्त पडेल. चारशे घरांना थेट दोन वर्षांचा पगार आणि शिक्षणाचा खर्च द्या, आणि कारखाना चांगल्याच्या हातात जाऊ द्या. आपण उलटं करतो, कारखाना वाचवतो म्हणजे संचालक मंडळ वाचवतो, आणि कामगाराचा पगार सहा महिने थकलेलाच असतो. तुम्हीच सांगा असं होत नाही?

पहाटेची_पाळी

होतं. पण तो थेट पगार कधी येत नाही आणि कारखाना मात्र जातो, हा आमचा अनुभव. आधी पगार, मग फेरवाटणी, असं लिहून द्या.

मीठभाकरी

पहाटेची_पाळी +१.

मला अजून एक म्हणायचंय. सगळं खापर सरकारवर फोडून झालं, घरातलं कोण बघणार? मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांवर एक प्रयोग झाला होता, सल्लागार पाठवून साधी साधी व्यवस्था लावून दिली, स्टॉकची नोंद, मशीनची देखभाल, दोषांचा तक्ता. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. (ब्लूम आणि इतरांचा, २०१३ चा.) मग आधी का नाही केलं? आणि इतकं चांगलं चालत होतं तर ते मालक मोठे का झाले नाहीत? त्यांचं एक निरीक्षण मला फार पटलं, कारखाने किती काढायचे हे घरात मुलगे किती आहेत यावर ठरायचं. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, सही करायचा अधिकार द्यायचा नाही, चोरी करेल म्हणून. मुली आणि सुना हिशोबात धरलेल्याच नाहीत. ज्या घरात तीन मुलगे त्या घरात तीन युनिट, मग त्यातला एक ठार बिनकामाचा असला तरी!

माझ्या माहेरच्या गावात तेच. धाकट्याला काही जमत नाही म्हणून त्याला एक शेड काढून दिली. बहीण बीकॉम, अख्खा हिशोब ती बघायची, तिचं लग्न झालं आणि विषय संपला.

उभा_आडवा

मीठभाकरी ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. फक्त त्याच्या मागे पण एक कारण आहे, बाहेरच्या मॅनेजरनं फसवलं तर कोर्टात किती वर्षं जातात? जिथे करार पाळून घेता येत नाही तिथे माणूस रक्ताच्या नात्यावरच विसंबतो. हे काही निव्वळ मागासलेपण नाही.

तिरकस

आणि आता सरकारनं नवीन काढलंय, उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन, १४ क्षेत्रं, दोन लाख कोटीच्या आसपास. आधी छोट्याला छोटं राहायला पैसे दिले, आता मोठ्याला मोठं असल्याबद्दल देतायत. मधल्या शिरोली_नाक्यानं काय करायचं?

शिरोली_नाका

मधल्यानं १२० दिवस थांबायचं, नेहमीसारखं.

धोटा

तिरकस, मोठं म्हणजे चांगलं असं माझं कुठेच म्हणणं नाही. छोटा चांगला असेल तर त्याला वाढू द्या एवढंच. मला विचाराल तर पहिली गोष्ट म्हणजे रेघा काढून टाका. २७ अश्वशक्तीची, कामगारसंख्येची, उलाढालीची. सवलत द्यायचीच तर चढत्या पट्टीनं कमी होत जाऊ दे, एका आकड्यावर कडा नको. एमएसएमईची (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची) व्याख्या एप्रिल २०२५ पासून वाढवली, सूक्ष्मची उलाढाल मर्यादा ५ कोटीवरून १० कोटी केली, ते बरं झालं पण कडा तिथेच राहिली, फक्त पुढे सरकली. दुसरी गोष्ट शिरोलीकरांची, बिलाचे पैसे. याला एक रुपया सरकारी खर्च नाही. तिसऱ्याबद्दल मी पहाटेची_पाळी यांचं वाक्य तसंच उचलतो, आधी पगार.

दूरदेशी

कोणाला स्वतः आकडे तपासायचे असतील तर वार्षिक उद्योग पाहणीची कारखानानिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नाव-पत्ता काढलेला असतो, पण राज्य, उद्योग, कामगार, भांडवल, वीज, सगळं आहे. एक लक्षात ठेवा, त्यात वीज वापरणारे किमान १० आणि वीज न वापरणारे किमान २० कामगारांचे नोंदणीकृत कारखानेच येतात, म्हणजे धोटांच्या गावातले बहुतेक खर्चीवाले त्यात नाहीतच. त्यांच्यासाठी असंघटित क्षेत्राची वेगळी पाहणी बघावी लागते, आणि दोन्ही एकत्र जोडणं हे किचकट काम आहे.

उभा_आडवा

मी महाराष्ट्राच्या विणकाम उद्योगापुरतं करून बघतो, एक्सेलमध्ये जेवढं जमेल तेवढं. धोटा, २७ च्या आत किती जोडण्या आणि वर किती याचे इचलकरंजीचे आकडे वीज कंपनीकडून माहितीच्या अधिकारात मागवता येतील का? तुम्ही अर्ज टाका, बाकीचं मी बघतो.

धोटा

टाकतो. मालेगाव आणि भिवंडीचे पण मागवतो, भिवंडीत वीज वितरण खासगी फ्रँचायझीकडे आहे, तिथे अर्ज नेमका कोणाकडे करायचा ते इथे कोणाला माहीत असेल तर सांगा.